आळसाच्या सैतानाची कुळकथा

आपल्या षड्रिपूंच्या यादींत आळसाला जागा नाहीं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रु लहानपणींच पाठ होतात. परंतु ज्या दोषाबद्दल घरोघर सर्वांत अधिक बोलणीं खावीं लागतात, तो मात्र या सहांत बसलेला नाहीं. पतंजलीनें योगमार्गांतील नऊ अंतरायांत आलस्य घातलें आहे, आणि समर्थांनीं दासबोधांत आळशी माणसाची केलेली कानउघाडणी तर सर्वश्रुतच आहे. तरीहि आळस हा आपण अंगांत मुरलेला दोष समजतों. त्याच्यामागें कोणी स्वतंत्र सैतान उभा आहे अशी कल्पना आपण केली नाहीं. फार तर 'अवदसा आठवली' असें म्हणून आपण मोकळे होतों. ख्रिस्ती यूरोपानें मात्र ती कल्पना केली. तेथें सात महापातकांत आळसाला कायमचें आसन मिळालें, इतकेंच नव्हे, तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रत्येक पातकावर एकेक सैतान अधिकारी म्हणून नेमण्यांत आला. आळसाचें खातें ज्याच्याकडे गेलें त्याचें नांव बेल्फेगोर.

या नांवाचा जसजसा मागोवा घ्यावा, तसतसें असें दिसूं लागतें कीं, बेल्फेगोर हा मुळांत सैतान नव्हता आणि आळसाशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. उलट, जुन्या तापसांना या पातकाचा म्हणून जो सैतान ठाऊक होता, त्याला आळशी म्हणणेंहि कठीण आहे. या दोन अगदीं निराळ्या कुळांची सोयरीक कशी जुळली आणि ती कोणाला भोंवली, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिलें कुळ मवाबाचें. मृत समुद्राच्या पूर्वेस, आज ज्याला जॉर्डन म्हणतात त्या देशांत, मवाब नांवाचें लहानसें राज्य होतें. तेथील एका डोंगराचें नांव पौर. 'बआल' या शब्दाचा अर्थ धनी किंवा स्वामी. आपल्याकडे स्थळाच्या नांवापुढें 'नाथ' किंवा 'ईश्वर' लागून देवाचें नांव तयार होतें, त्याच रीतीनें हा शब्द त्या मुलुखांत निरनिराळ्या ठिकाणच्या देवतांस लावीत. बआल-पौर म्हणजे पौराचा धनी, याहून अधिक कांहीं नाहीं. डोंगर, त्यावरचा देव आणि त्या देवाची जत्रा हा प्रकार महाराष्ट्रांतील वाचकांना समजावून सांगावयास नको.

जुन्या करारांतील 'गणना' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत या देवाची कथा आली आहे. इस्राएल लोकांचा तळ शिट्टीम येथें पडला असतां मवाबी स्त्रियांशीं त्यांचे संबंध जुळले. त्या स्त्रियांनीं त्यांना आपल्या देवाच्या यज्ञाला बोलाविलें. हे गेले, जेवले आणि त्यांनीं त्या देवापुढें मान लवविली. त्यामुळें ईश्वरी कोप होऊन मरी पसरली व तींत चोवीस हजार माणसें मेलीं. फिनहास नांवाच्या याजकानें एका इस्राएली पुरुषाला आणि त्याच्या मिद्यानी सोबतिणीला भाल्यानें भोसकलें, तेव्हां कोठें ती मरी थांबली. (पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत हा आकडा तेवीस हजार पडला आहे, आणि त्या एका हजाराचा हिशेब जुळविण्यासाठीं भाष्यकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे.) या कथेंत मेजवानी आहे, परस्त्री आहे, परदैवत आहे; आळस कोठेंच नाहीं. पुढें ज्यू पंडितांनीं 'पौर' शब्दाचा संबंध 'उघडणें' या अर्थाच्या धातूशीं लावून, या देवापुढें शौचास बसणें हीच त्याची पूजा होती असें सांगितलें. आणि संत जेरोमनें त्याची सांगड रोमन लोकांच्या प्रायापस या कामुक देवतेशीं घातली. शत्रूच्या देवाविषयीं शत्रूनें सांगितलेल्या या गोष्टींवर कितपत विसंबावें हें सुज्ञ वाचक जाणतातच. 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटीं मात्र एक उल्लेख असा आहे कीं, त्यापाशीं आम्ही नेहमी थबकतों. मोशेला पुरलें तें बेथ-पौराच्या समोरच्या खोऱ्यांत. इस्राएलाच्या सर्वश्रेष्ठ पुरुषाची अज्ञात समाधि आणि त्याच्या लोकांनीं सर्वांत अधिक धिक्कारिलेलें दैवत हीं अशीं एकमेकांसमोर आहेत.

नांवाचा अपभ्रंश कसा झाला हेंहि पाहण्यासारखें आहे. 'पौर' या शब्दांत हिब्रूचा 'अयिन्' हा कंठांतून निघणारा वर्ण आहे. प्राचीन काळीं कांहीं शब्दांत त्याचा उच्चार घोगऱ्या 'ग' सारखा होत असे. म्हणून ज्या शहराला हिब्रूंत 'अज्जा' म्हणतात तें ग्रीकांत 'गाझा' झालें, आणि पौराचें 'फोगोर' झालें. ग्रीक व लॅटिन बायबलांतून पुढें सरकतां सरकतां बआल-पौराचा बेल्फेगोर बनला. ज्या पश्चिम यूरोपीय वाचकांनीं हें नांव लॅटिनमध्यें वाचलें, त्यांना त्यांत डोंगरहि दिसेना आणि देवहि दिसेना. एक भयंकर आवाजाचें नांव तेवढें राहिलें.

परक्याचा देव तो आपला सैतान, हा न्याय एकट्या यूरोपचा नव्हे आणि त्याचें उदाहरण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. गोव्यांतील हिंदु लोकांत 'देवचार' हा गांवाची शीव राखणारा राखणदार आहे; त्याला नवस करितात, त्याच्या नांवानें नारळ फोडितात. त्याच गोव्यांतील ख्रिस्ती लोकांच्या कोंकणींत देवचार म्हणजे सैतान. एकाच वडाखालून जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या तोंडीं एकच शब्द असतो, आणि एकाचे हात जोडले जातात तर दुसरा क्रुसाची खूण करितो. बआल-पौराचें झालें तें याहून निराळें नाहीं. त्याच्या बाजूनें बोलणारा शेजारी तेवढा उरला नाहीं.

दुसरें कुळ इजिप्तच्या वाळवंटांतलें. चौथ्या शतकांत ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यांत राजाश्रय मिळाल्यावर पुष्कळ धर्मनिष्ठ माणसें शहरें सोडून नाईलच्या पश्चिमेकडील वैराण प्रदेशांत तपश्चर्येला जाऊन राहूं लागलीं. एव्हाग्रिअस (इ. स. ३४५ ते ३९९) हा त्यांपैकीं एक. काळ्या समुद्राकांठच्या पाँतस प्रांतांत तो जन्मला, नाझिअन्झसच्या ग्रेगरीच्या हातून त्याला धर्मसेवेची दीक्षा मिळाली, आणि कॉन्स्टंटिनोपल येथें वादपटु म्हणून त्यानें नांव मिळविलें. तेथें एका थोर घराण्यांतील विवाहित स्त्रीवर त्याचें मन जडलें. प्रकरण हाताबाहेर जाण्यापूर्वीं त्यानें शहर सोडलें, आणि जेरुसलेमच्या वाटेनें तो इजिप्तांत आला. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यानें 'केल्लिया' येथें काढलीं. केल्लिया या शब्दाचा अर्थच कुटी असा आहे. या कुटी एकमेकींपासून इतक्या लांब बांधीत कीं शेजाऱ्याची चाहूल लागूं नये. शनिवार-रविवारीं तेवढे सर्व तापस एकत्र येत. इतर जण दोऱ्या वळीत, टोपल्या विणीत. एव्हाग्रिअस पोथ्या नकलून पोट भरी.

माणसाच्या मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची त्यानें यादी केली: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खेद, क्रोध, अकीदिया, कीर्तीची हांव आणि गर्व. यांतील सहावा शब्द ग्रीक असून आम्ही तो मुद्दाम तसाच ठेविला आहे. व्युत्पत्तीनें त्याचा अर्थ 'आस्था नसणें' असा होतो. या अकीदियाच्या सैतानाला एव्हाग्रिअस मध्याह्नींचा सैतान म्हणतो, आणि सर्व सैतानांत हा अधिक जाचक असें सांगतो. मध्याह्नींचा सैतान हें नांव त्याला स्तोत्रसंहितेंतील एका स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरांत मिळालें. मूळ हिब्रूंत तेथें भर दुपारीं नासधूस करणाऱ्या मरीचा उल्लेख आहे. एका क्रियापदाच्या जागीं ग्रीक भाषांतरकारांनीं दैत्यवाचक शब्द वाचला, आणि एक नवें पिशाच्च जन्मास आलें. भाषांतरकारांच्या हातून पुस्तकें बिघडल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत, पण एखादा सैतान जन्मल्याचें उदाहरण विरळाच! अर्थात् भर दुपारच्या निर्मनुष्य वेळेचें भय त्या भाषांतराहून जुनें आहे. बारा वाजतां ओसाड जागीं जाऊं नये असें कोंकणांतील आजीहि नातवंडांना बजावीत आली आहे.

'प्राक्टिकोस' या पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणांत एव्हाग्रिअसनें या सैतानाचें जें वर्णन केलें आहे त्याचा मतितार्थ येथें देतों. हा येतो तो दिवसाच्या चौथ्या तासाच्या सुमारास, म्हणजे आपल्या घड्याळांत सकाळीं दहा वाजतां, आणि दुपारीं दोन वाजेपर्यंत ठाण मांडून बसतो. सूर्य हलत नाहींसा किंवा फारच सावकाश हलतोसा त्या वेळीं तापसाला भासूं लागतो आणि दिवस पन्नास तासांचा वाटतो. जेवण तीन वाजतां. तें किती दूर आहे हें पाहण्यासाठीं तो पुनः पुनः बाहेर येऊन सूर्याकडे पाहतो. कोणी भेटीला येत आहे काय म्हणून इकडे तिकडे डोकावतो. मग त्याला राहती जागा नकोशी होते, हातांतलें काम नकोसें होतें. सोबत्यांत पूर्वींचा स्नेह उरला नाहीं, आपलें सांत्वन करणारें कोणी नाहीं, असें वाटूं लागतें. आणि अशांत कोणी दुखविलें असेल तर तेंहि नेमकें आठवतें. दुसरीकडे गेलों तर काम सोपें मिळेल, पैसा बरा मिळेल; आणि ईश्वराची उपासना काय, कोठेंहि करतां येते! घरचीं माणसें आठवतात. पुढचें आयुष्य किती लांब आहे आणि त्यांत किती कष्ट आहेत हें डोळ्यांपुढें उभें राहतें. एकूण, कुटी सोडून पळून जाण्याला जें जें कारण शोधतां येईल तें तें हा सैतान पुढें करितो.

सोळाशें वर्षांपूर्वींच्या या वर्णनांत आपलें कोणी ओळखीचें भेटल्यासारखें वाचकांस वाटलें नाहीं काय? आमच्या धंद्यांतील मंडळींना उत्तरपत्रिकांचा तिसरा गठ्ठा सोडतांना हा सैतान हटकून भेटतो. कारकुनाला तो कचेरींत भेटतो. आणि मुलें शाळेला व यजमान कामाला गेल्यानंतरच्या दुपारीं गृहिणींना तो किती वेळां भेटत असेल याची विचारपूस आपल्या घरांतून फारशी कोणी केलेली नाहीं. पण त्याला आळस म्हणावें काय? हा तापस लोळत पडलेला नाहीं. तो उठतो, बसतो, बाहेर जातो, आंत येतो. आजाऱ्यांना भेटावें, आप्तांची विचारपूस करावी असे सत्कर्मांचे बेतहि त्याच्या मनांत येतात. येथलें, आतांचें आणि आपलें जें काम, तेवढें सोडून कोणतेंहि काम करावयास तो तयार आहे. त्याचा प्राण ज्या गोष्टीसाठीं तो येथें आला त्या गोष्टींतूनच उडाला आहे. हा आळस नव्हे. हा श्रद्धेचा आलेला थकवा आहे.

त्यावरील उपाय म्हणून एव्हाग्रिअसनें कोठें चाबूक सांगितलेला नाहीं. जागा सोडूं नये, रडावेंसें वाटलें तर रडावें, धीर धरून बसावें, असें तो सांगतो. या सैतानाच्या पाठोपाठ दुसरा सैतान येत नाहीं, आणि झुंज संपल्यावर मनाला जी शांति मिळते ती अवर्णनीय असते, असेंहि तो म्हणतो. संत अँटनीची एक कथा त्याच वाळवंटांत सांगत असत. अकीदियानें त्रासून गेला असतां त्याला आपल्यासारखाच दिसणारा एक जण दोरी वळीत बसलेला दिसला. तो मध्येंच उठून प्रार्थना करी आणि पुनः दोरी वळूं लागे. असेंच करीत जा, म्हणजे तरून जाशील, असें त्याला सांगण्यांत आलें. येथें दोरी विकून येणाऱ्या पैशाचा प्रश्न नाहीं. यॉन कासियान यानें पांचव्या शतकांत हें सर्व ज्ञान इजिप्तांतून दक्षिण फ्रान्समध्यें मार्सेल येथें नेलें. त्यानें पौल नांवाच्या एका तापसाची हकीकत लिहिली आहे. पौलाची कुटी वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर होती. टोपल्या विकावयास नेण्याचें भाडेंच किंमतीहून अधिक पडे. तरीहि तो नित्य नेमानें खजुरीचीं पानें गोळा करून विणकाम करी, आणि वर्षाच्या शेवटीं गुंफा भरली कीं सर्व कामाला स्वतःच्या हातानें आग लावी. अर्थशास्त्राच्या कोणत्याहि परीक्षेंत पौल नापासच व्हावयाचा.

खुद्द एव्हाग्रिअसचें नशीब फारसें चांगलें नव्हतें. इ. स. ५५३ च्या सुमारास ओरिजेनच्या मतांबरोबर त्याचेंहि नांव पाखंड्यांत गेलें. त्याचे कित्येक ग्रंथ दुसऱ्यांच्या नांवावर किंवा सीरियाक भाषांतरांतच टिकून राहिले. पण त्याची यादी कासियानमार्फत आधींच पश्चिमेला पोंचली होती. सहाव्या शतकाच्या शेवटीं पोप ग्रेगरी यानें तिची फेरमांडणी करून आठांचीं सात केलीं आणि अकीदिया खेदांत विलीन केला. पुढें खेद मागें पडून अकीदियाच परत आला, पण तो येतांना बराच बदलून आला. तरी तेराव्या शतकांतहि थॉमस अक्वायनस त्याची व्याख्या करतो ती ईश्वरी सुखाविषयीं वाटणारा खेद अशीच. एवढेंच नव्हे, तर हें पातक कोणत्या आज्ञेचा भंग करितें, तर शब्बाथ पाळण्याच्या, म्हणजे विश्रांतीच्या, असें तो सांगतो. ज्याला आज आपण आळस म्हणतों तें पातक त्या पंडिताच्या मतें नीट विश्रांति न घेण्याचें पातक होतें!

हा सूक्ष्म विचार मठाच्या भिंतींच्या आंत ठीक होता. परंतु इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें प्रत्येक ख्रिस्ती माणसानें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन केलें पाहिजे असा नियम घातला. आतां खेड्यांतील उपाध्यायाला शेतकऱ्याला कांहीं प्रश्न विचारणें भाग होतें, आणि श्रद्धेचा थकवा शेतकऱ्याला विचारणार कसा? त्यापेक्षां रविवारीं देवळांत आला होतास काय, काम वेळेवर करतोस काय, हे प्रश्न सोपे. अशा प्रश्नांच्या हस्तपुस्तिकांतून मनाचा रोग हळूहळू शरीराचा दोष झाला. कवींना मात्र कांहीं काळ जुना अर्थ आठवत होता. दान्तेनें नरकांतील दलदलीच्या तळाशीं जीं कुढणारीं माणसें ठेविलीं आहेत, त्यांनीं सूर्यप्रकाशांत असतांनाहि मनांत अकीदियाचा धूर बाळगला होता. आणि शुद्धिलोकांतील या पातकाचे धनी इतक्या वेगानें धांवत असतात कीं, त्यांच्यापैकीं वेरोना येथील एका मठाचा अधिपति थांबून बोलतां येत नाहीं म्हणून क्षमा मागतो. त्याच काव्यांत खडकाच्या सावलींत गुडघ्यांना मिठी घालून बसलेला बेलाक्वा आहे; त्याला पाहून त्या गंभीर कवीच्या ओंठांवर हंसूं उमटतें. विसाव्या शतकांत सॅम्युएल बेकेटनें इ. स. १९३४ च्या आपल्या कथासंग्रहांतील नायकाला त्याचेंच नांव दिलें. इंग्लंडांत लँग्लंडनें आळसाला मूर्तिमंत उभें केलें तें तीस वर्षें चाकरी करून साधी प्रार्थनाहि धड न येणाऱ्या धर्मोपदेशकाच्या रूपानें. त्या गृहस्थाला रॉबिन हूडचे पोवाडे मात्र येत असतात, आणि रॉबिन हूडचा वाङ्मयांतील सर्वांत जुना उल्लेख तो हाच. या कवींनीं आळशी म्हणून मठाधिपति आणि धर्मोपदेशक उभे केले, मजूर नव्हे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या अवधींत बेल्फेगोराचें नांव रिकामेंच हिंडत होतें. त्याला पहिलें चांगलें काम मिळालें तें माकियाव्हेल्लीकडे. त्याची 'बेल्फागोर' ही कथा त्याच्या मरणानंतर, इ. स. १५४९ मध्यें, त्याच्या नांवानें छापली गेली. नरकांत येणारे सर्व पुरुष आपल्या दुर्गतीचा दोष बायकोला देतात. तेव्हां खरें-खोटें पाहण्यासाठीं नरकाधिपति बेल्फागोराला एक लक्ष दुकात देऊन, दहा वर्षें संसार करून ये म्हणून पृथ्वीवर पाठवितो. तो फ्लॉरेन्समध्यें ओनेस्ता नांवाच्या सुंदर स्त्रीशीं लग्न करितो, तिच्या मिजाशींत कर्जबाजारी होतो आणि सावकारांच्या भयानें पळत सुटतो. एक शेतकरी त्याला उकिरड्यांत लपवून वांचवितो. त्याची फेड म्हणून सैतान श्रीमंत स्त्रियांना झपाटतो आणि शेतकऱ्याच्या शब्दासरशी सोडून देतो. शेवटीं तो फ्रान्सच्या राजकन्येला सोडीना, तेव्हां शेतकरी वाजंत्र्यांचा गोंगाट करवून त्याच्या कानांत सांगतो कीं, तुझी बायको आली! बिचारा सैतान जो पळतो तो थेट नरकांत. शुकसप्ततीचे वाचक येथें दचकतील. तींतील कारगरा नांवाच्या भांडखोर ब्राह्मणीला भिऊन तिच्या दारचा भूत पळतो, पुढें राजकन्येला झपाटतो आणि कारगरेचें नांव ऐकतांच चालता होतो. हें साम्य एकोणिसाव्या शतकांत थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडितानें उजेडांत आणिलें. शुकसप्तति आपल्याकडे 'शुकबहात्तरी' या नांवानें मराठींतहि उतरली होती. या कथेंतील बेल्फागोर प्रापंचिक आहे, कर्जबाजारी आहे, भित्रा आहे, पण आळशी? एवढी धांवपळ केलेला दुसरा सैतान आमच्या पाहण्यांत नाहीं.

दोन्ही कुळांची सोयरीक जुळली ती जर्मनींतील ट्रिअर शहरीं, आणि तेथें हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. या भागांत इ. स. १५८१ पासून चेटकिणींचे खटले चालूं झाले होते. वर्षानुवर्षें पिकें बुडत होतीं, द्राक्षमळे गारठत होते, आणि तें कोणाच्या तरी चेटकानें होत आहे अशी लोकांची समजूत झाली होती. १५८७ ते १५९३ या सहा वर्षांत आसपासच्या बावीस खेड्यांतून ३६८ माणसें जाळलीं गेलीं. तत्कालीन बखरकार लिंडेन लिहितो कीं, दोन खेड्यांत एकेकच स्त्री शिल्लक राहिली, आणि मारेकरी मात्र सरदारासारखा जरतारी पोषाख करून घोड्यावरून मिरवीत असे. शहराचा मुख्य न्यायाधीश डीट्रिख फ्लाडे हा या खटल्यांत सौम्यपणें वागे. त्यालाच चेटक्या ठरवून १५८९ सालच्या सप्टेंबरांत जाळलें. त्याच साली ट्रिअरचा सहायक बिशप पेटर बिन्सफेल्ड याचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. छळ करून काढलेल्या कबुलीजबाबांवर, विशेषतः एका आरोपीनें दुसऱ्याचें नांव घेतलें असतां त्यावर, विश्वास ठेवावा कीं नाहीं हा त्या ग्रंथाचा विषय, आणि ठेवावा हें त्याचें उत्तर. सात पातकांवर सात सैतान नेमणारी, गर्वाला लुसिफर, लोभाला मॅमन आणि आळसाला बेल्फेगोर देणारी यादी चालत आली आहे ती या बिन्सफेल्डच्या नांवावर.

ही यादी आजकाल मौजेची माहिती म्हणून कोशांतून व लहान मुलांच्या चित्रकथांतूनहि सांपडते. ती कोणत्या माणसाच्या नांवावर आहे हें त्या ठिकाणीं सांगितलेलें नसतें. एव्हाग्रिअसचा सैतान ज्याचा त्यानें आपल्या कुटींत ओळखावयाचा होता. दुसऱ्याच्या अंगीं तो आहे असें दाखविण्याची सोयच त्या पुस्तकांत नव्हती. ट्रिअरच्या सैतानांचा उपयोगच मुळीं दुसऱ्याच्या अंगीं ते दाखविण्याकडे होता. कॉर्नेलिअस लोस नांवाच्या एका डच धर्मोपदेशकानें या प्रकाराविरुद्ध पुस्तक लिहिलें. माणसांच्या रक्तापासून सोनें-रुपें करण्याची ही नवी किमया आहे असें तो म्हणे. त्याचें पुस्तक जप्त झालें आणि १५९३ मध्यें त्याला आपले शब्द जाहीरपणें गिळावे लागले. त्या पुस्तकाचें हस्तलिखित १८८६ मध्यें ट्रिअरच्याच ग्रंथालयांत एका अमेरिकन पंडिताला सांपडलें.

त्याच शतकांत आळसाचा न्याय धर्मोपदेशकाकडून फौजदाराकडे जाऊं लागला होता. इंग्लंडांत १५४७ च्या कायद्यानें धडधाकट असून काम न करणाऱ्याच्या अंगावर डाग देऊन त्याला दोन वर्षें गुलाम करावें असें ठरलें. तो कायदा इतका कठोर होता कीं, अल्पावधींतच तो मागें घ्यावा लागला; पण लंडनमधील ब्राइडवेलसारखीं कामगृहें उभीं राहिलीं, आणि ॲम्स्टरडॅममध्यें १५९६ पासून रिकामटेकड्यांना कोंडून त्यांच्याकडून रंगाचें लांकूड किसून घेऊं लागले. अँटनीच्या दोरीचें आणि या किसणीचें बाह्यतः साम्य आहे. दोहोंतलें अंतर कोणाच्याहि ध्यानांत येईल. पुढें यूरोपीय राष्ट्रांनीं पूर्वेकडे राज्यें मिळविलीं तेव्हां हें पातक त्यांनीं जहाजांत घालून बरोबर आणिलें. मलायांतील लोक इंग्रजांच्या मळ्यांत आणि खाणींत मजुरीला जाईनात. ते आपल्या शेतावर राबत, पण मळेवाल्यांच्या दप्तरीं ते आळशी ठरले. सय्यद हुसेन अलातास या मलेशियन पंडितानें १९७७ मध्यें मलाय, जावा आणि फिलिपाइन्स येथील या 'आळशी एतद्देशीया'च्या दंतकथेवर ग्रंथच लिहिला. पराभूत लोकांचा देव आळसाचा सैतान झाला होता; आतां पराभूत लोकच आळशी झाले.

फ्रान्सनें बेल्फेगोराला अगदीं घरचा मानला. एकोणिसाव्या शतकांतील सैतानशास्त्रांत नरकाचा फ्रान्स दरबारचा वकील म्हणून त्याची नेमणूक दाखविली आहे. कोलँ द प्लाँसीच्या 'नरककोशा'च्या १८६३ सालच्या आवृत्तींत ल ब्रेतोंनें काढलेलें त्याचें चित्र आहे: शिंगें, दाढी, हातांत शेपूट, आणि बसावयास शौचाचें आसन. ज्यू पंडितांची ती जुनी निंदा अनेक शतकांनीं अशी छापखान्यांत पोंचली. त्याच कोशांत त्याला नव्या शोधांचा आणि कल्पक युक्त्यांचा सैतान म्हटलें आहे. आळसाच्या मानानें खटपट बरीच. पुढें झ्यूलियाँ बेंदानें १९१८ मध्यें भावविवश फ्रेंच अभिरुचीवर टीका करतांना पुस्तकाला हेंच नांव दिलें, रेस्पीगीचें 'बेल्फागोर' हें संगीतनाटक १९२३ मध्यें मिलानला रंगभूमीवर आलें, आणि १९२७ मध्यें आर्तूर बर्नेदनें लूव्र संग्रहालयांत रात्रीं फिरणारें एक भूत कल्पून त्याला बेल्फेगोर म्हटलें. त्या कादंबरीवर त्याच वर्षीं मूकपट निघाला. १९६५ मध्यें तिच्यावरील दूरदर्शन-मालिकेनें फ्रान्समधील घराघरांतून मुलांची झोंप उडविली, आणि २००१ मध्यें पुनः बोलपट झाला. पॅरिसला लूव्रचा उल्लेख निघाला म्हणजे हें भूत अजून कोणाला तरी आठवतें.

त्याच लूव्रमध्यें मवाबाची एक खरीखुरी वस्तु आहे. १८६८ मध्यें मृत समुद्राच्या पूर्वेस धिबान येथें एका मिशनरीला काळ्या दगडाची कोरीव शिळा दिसली. तिच्यावरून परदेशी लोकांत चढाओढ लागतांच तेथील बदाउनी लोकांनीं ती तापवून, वर गार पाणी ओतून फोडली. पण तिचा कागदी ठसा आधींच घेतलेला होता, त्यावरून तुकडे जुळविण्यांत आले. इसवी सनापूर्वीं नवव्या शतकांतील मवाबचा राजा मेशा हा तींत स्वतः बोलतो. मवाबी लोकांचा स्वतःचा म्हणून एवढा मोठा शब्द दुसरा उरलेला नाहीं. बआल-पौराचें नांव तींत नाहीं. आपल्या कमोश देवाचा कोप झाला म्हणून इस्राएलानें आम्हांला गांजलें, मग देव प्रसन्न झाला आणि मीं सूड घेतला, असें मेशा सांगतो; नबो गांवीं सात हजार जिवांची कत्तल केल्याचें तो तितक्याच अभिमानानें नमूद करितो. त्यानंतर त्यानें केलेल्या कामांची यादी येते. तट बांधिले, वेशी बांधिल्या, बुरूज बांधिले, आर्णोन नदीजवळून रस्ता काढिला. शहरांत पाण्याचें टाकें नव्हतें, म्हणून प्रत्येकानें आपापल्या घरांत एक टाकें खणावें असें त्यानें लोकांना सांगितलें. आणि खणण्याचें कांहीं काम इस्राएली कैद्यांकडून करून घेतलें.